येऊरवरून मोजलेल्या २१२ पक्ष्यांमध्ये पाहुणे किती?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका पक्षीमित्रांचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या हॉक माउंटनबद्दल, म्हणजे जिथे स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजतात त्या डोंगराबद्दल, वाचून ते दसऱ्याच्या सुट्टीत दुर्बीण घेऊन ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारावर बसले. सकाळी साडेनऊ ते साडेबारा या वेळात त्यांनी २१२ शिकारी पक्षी मोजले. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे स्थलांतरच होतं ना? दर रविवारी असे आकडे मिळतील का? आणि ओळख पक्की करायला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याची दुर्बीण, घ्यावा का?

नमस्कार. मी कळव्यात राहते. गेली १७ वर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरचे बहुतेक रविवार मी पारसिकच्या डोंगरावर शिकारी पक्षी मोजण्यात घालवले आहेत. तुम्ही तीन तास उन्हात बसून एकेक पक्षी टिपलात, हे वाचून मनापासून आनंद झाला. खाडीवर फ्लेमिंगो मोजायला आपल्याकडे भरपूर माणसं येतात, पण डोंगरावर मान वर करून बसणारं माणूस शोधावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कटू वाटेल ते सांगून टाकते. तुमच्या २१२ मधले बहुतेक पक्षी आपल्या रोजच्या घारी असणार, आणि त्यातल्या कित्येक तीन-चारदा मोजल्या गेल्या असणार. मी तुमच्या शेजारी बसलेली नव्हते, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की पक्षी गोल गोल फिरत वर जात होते, मग दिसेनासे व्हायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचे. हे वाचलं आणि मला माझा पहिला हंगाम आठवला. एका सकाळी मी वहीत तीनशेच्या वरचा आकडा लिहिला होता. सोबत आमच्या गटातले एक ज्येष्ठ काका होते. त्यांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "अगं, ह्या आल्या कुठून आणि गेल्या कुठे?" मला सांगता येईना. मग त्यांनी एका घारीकडे बोट दाखवलं. तिच्या डाव्या पंखातलं एक लांब पीस गळलेलं होतं, दात पडल्यासारखी तिथे फट दिसत होती. तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. दुपारपर्यंत ती फटवाली घार माझ्या डोक्यावरून ११ वेळा गेली. म्हणजे त्या एकटीने माझ्या वहीत ११ पक्षी वाढवले असते.

तर खरा प्रश्न असा आहे: आकाशात दिसणाऱ्या पक्ष्यांमधले इथले कोणते आणि इथून पुढे चाललेले कोणते, हे कसं ठरवायचं? हॉक माउंटनवर हा प्रश्न एवढा छळत नाही, कारण तिथे दिसणारे बहुतेक पक्षी खरोखरच वाटेवरचे असतात. आपल्याकडे ठाणे, मुंब्रा, ऐरोली, सगळीकडे घारी वर्षभर आहेत. मासळी बाजार, कत्तलखाने, डम्पिंग यांच्यावर त्या पोसल्या जातात आणि ऊन तापलं की डोंगरावर उंची घ्यायला येतात. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या घारीही आहेत, त्या थोड्या मोठ्या असतात आणि पंखाखालचा फिकट डाग ठळक असतो. पण दूरवर, उन्हाच्या झळांमधून, हा फरक करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तुम्हीही पहिली दोन वर्षं पडू नका.

मी काय करते ते सांगते. जागेवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं मोजणी सुरूच करत नाही. दुर्बिणीने सगळं आकाश एकदा फिरून घेते आणि एका वेळी जास्तीत जास्त किती घारी दिसतात तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहिते. आम्ही याला 'हजेरी' म्हणतो. दर तासाला पुन्हा हजेरी घ्यायची. सकाळी दहाला १८, अकराला ३१, बाराला २६ असं काहीतरी येतं. हे झाले घरचे. त्यांची बेरीज करायची नाही, कारण दहाच्या १८ मधल्या बऱ्याचशा अकराच्या ३१ मध्येही आहेतच.

पाहुण्यांसाठी, म्हणजे इथून पुढे चाललेल्या पक्ष्यांसाठी, रेषा आखायची. पारसिकचा डोंगर उत्तर-दक्षिण पसरलाय, म्हणून माझी रेषा पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे हायटेन्शनचा एक टॉवर, मधे मी, पश्चिमेला खाडीपलीकडची एक उंच इमारत. ही मनातली दोरी. जो पक्षी उत्तरेकडून येऊन ही दोरी ओलांडतो आणि दक्षिणेला नजरेआड होईपर्यंत वळत नाही, तो माझ्या वहीत जातो. दोरी ओलांडून परत उत्तरेला आला तर तोही लिहायचा, वेगळ्या रकान्यात, आणि शेवटी वजाबाकी करायची. जो दोरीवरच घिरट्या घालतोय त्याला सोडून द्यायचं. हा एक नियम पाळलात तर तुमचा २१२ चा आकडा कदाचित ५ होईल, कदाचित ३. तो आकडा वाचून हिरमुसू नका. त्या ५ पक्ष्यांबद्दल तुम्ही काहीतरी नक्की सांगू शकता, २१२ बद्दल नाही.

थवा एकत्र आला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. थर्मलमध्ये, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, पक्षी गोल फिरत असतात तेव्हा मोजू नका. एकमेकांच्या आडून जातात, खालचे वर येतात, तिसऱ्या फेरीला तुमचा आकडा हरवतो. थांबा. थर्मलच्या माथ्यावर पोचले की एकेक पक्षी पंख थोडे मागे ओढतो आणि उतरत्या सरळ रेषेत पुढच्या थर्मलकडे सुटतो. माळेतले मणी ओघळावेत तसे ते ओळीने निघतात. त्या वेळी मोजायचं. वर्षानुवर्षं हे काम करणारे जगभर असंच मोजतात.

आता दर रविवारी मोठे आकडे मिळतील का, याकडे येते. मोठा आकडा डोंगरामुळे येत नाही, अडचणीमुळे येतो. जॉर्जियातल्या बातुमीला पश्चिमेला काळा समुद्र आणि पूर्वेला उंच पर्वत आहेत. मोठे पक्षी थर्मलवर तरंगत प्रवास करतात, पाण्यावर थर्मल जवळजवळ नसतात, त्यामुळे ते समुद्र टाळतात आणि त्या चिंचोळ्या पट्टीत कोंबले जातात. एका शरदात दहा लाखांहून अधिक पक्षी तिथून जातात. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला याच कारणाने चाळीस लाखांच्या वर जातात. नकाशा पाहिला तर कोकणही तसंच दिसतं, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्री. मलाही सुरुवातीला हीच आशा होती. पण आपल्याकडे हिवाळ्याला येणारे बहुतेक शिकारी पक्षी इथेच राहायला येतात, कोणी खाडीवर, कोणी माळरानांवर, कोणी शेतांवर. ते देशभर पसरत पसरत येतात आणि त्यांना कुठे पिळून एकत्र यायचं कारण पडत नाही. म्हणून पारसिक काय, येऊर काय, खारघर काय, इथे आकडे थोडेच राहणार.

वाऱ्याचाही फरक आहे. हॉक माउंटनवर थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा डोंगररांगेवर आपटून वर चढतो आणि पक्षी त्या वर चढणाऱ्या हवेवर मैलोन्‌मैल सरकत जातात. आपल्याकडे मुंबई-ठाण्यातून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, त्यानंतर वारा पडतो आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारी बारा-एकच्या सुमारास खारा वारा उलटा आत येतो. यातूनच माझं वेळापत्रक ठरलंय. सूर्य पूर्वेचा उतार आधी तापवतो, त्यात पारसिकवर जुन्या दगडखाणींचे उघडे कडे आहेत आणि उघडा दगड झाडीपेक्षा लवकर तापतो. साडेनऊ ते साडेअकरा मी पूर्वेकडे तोंड करून बसते, नजर त्या खाणींच्या वर. खारा वारा लागला की पाठ फिरवून पश्चिमेकडे, कारण आता वारा पश्चिमेच्या उतारावरून वर चढतो. येऊरला झाडी दाट आहे, तिथे थर्मल जरा उशिरा उठत असणार. तुम्ही चार रविवार घड्याळ लावून बसा, तुमच्या जागेची वेळ तुमच्या हाती येईल. माझी वेळ तशीच्या तशी उचलू नका.

ओळखीबद्दल थोडक्यात, कारण यावर पुस्तकं भरपूर आहेत. डोंगरावरून रंग दिसत नाहीत, आकार दिसतो. घारीची शेपटी खाचेची आणि ती सतत सुकाणूसारखी पिळत असते. भोवत्या, म्हणजे हॅरियर, पंख उथळ इंग्रजी व्हीसारखे वर धरून तरंगतो. शिक्रा आणि त्याची भावंडं चार-पाच वेळा पंख मारतात आणि मग थोडं सरकतात. कैकर, म्हणजे ऑस्प्रे, ऐरोलीच्या बाजूला खाडीवर दिसतो, त्याचे लांब पंख मनगटात मोडल्यासारखे असतात. बूटेड ईगलचा फिकट प्रकार खालून पांढरा आणि पंखांची मागची पिसं काळी, शिवाय समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके चमकतात.

मोहोळ घारीवर मात्र थोडी रेंगाळते. काही लोक हिला मधुबाज म्हणतात. नावात घार असली तरी ही घार नव्हे, आणि नवख्याची सगळ्यात जास्त फसगत हिच्यापाशी होते, कारण तीसुद्धा आपल्याकडे वर्षभर दिसते. मागे एकदा सकाळी दहाच्या सुमारास एक अगदी माझ्या पातळीवरून गेली, खाणीच्या कड्याला समांतर, ३०-४० मीटरवरून. पंख रुंद आणि आडवे सपाट, शेपटी लांब आणि शेपटीवर दोन जाड काळे पट्टे. पण लक्षात राहिलं ते डोकं. एवढ्या मोठ्या पक्ष्याला कबुतराएवढं लहानसं डोकं, आणि ते पुढे काढलेलं. तिने मान वळवून कड्याकडे पाहिलं, जिथे पावसाळ्यानंतर आग्या मोहोळ लागतं. कपाराजवळ दोन गिरक्या घेतल्या आणि मग खाली झाडीत उतरली. ती पुढे गेली नाही, म्हणून ती वहीच्या 'इथले' भागात गेली. त्याच दिवशी दुपारी आणखी एक गेली, खूप वरून, एकदाही न वळता, दक्षिणेला. ती 'पुढे गेलेले' मध्ये. जात एक, रकाने दोन. कोणता पक्षी आहे यापेक्षा तो काय करतोय हे आधी पाहा.

ओळख पटली नाही तर 'गरुड, न ओळखलेला' किंवा 'शिकारी पक्षी, न ओळखलेला' असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या वह्यांमध्ये दर पानावर असे पक्षी आहेत. ओढूनताणून लावलेलं नाव पुढच्या माणसाची दिशाभूल करतं.

एका पक्ष्यासाठी मात्र मी तुम्हाला वाटेल ते काम सोडून डोंगरावर जायला सांगेन, आणि तो म्हणजे अमूर ससाणा. पूर्व आशियातून निघून तो नागालँड-मणिपूरमध्ये थांबतो. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी त्यांची प्रचंड कत्तल झाली. पण गावकऱ्यांच्या साथीने ती पुढच्याच वर्षी थांबली. २०१३ मध्ये तिथे तीन पक्ष्यांवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले आणि त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिली. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी नागालँडहून निघून भारतीय द्वीपकल्प आडवा पार करतो आणि ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाकडे जातो. मोठ्या पक्ष्यांना समुद्र अडवतो, याला नाही, कारण हा पंख मारत उडतो, थर्मलवर अवलंबून राहत नाही. महाराष्ट्रातून ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जातात. बरेचदा खूप उंचावरून जातात आणि आपल्याला कळतही नाही. त्याच दिवसांत आपल्या डोंगरावर चतुरांचे थवे दिसतात, पिवळट अंगाचे, दिवसभर हवेत तरंगणारे. तेही समुद्रापलीकडे जात असावेत असं अभ्यासकांचं मत आहे आणि अमूर ससाणे वाटेत हे चतुर खातात. म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डोंगरावर चतुर वाढले की मी दुर्बीण आडवी न फिरवता सरळ वर धरते. थवा दिसलाच तर मोजत बसू नका, पटकन फोटो घ्या आणि घरी पडद्यावर मोजा.

जागेचं सांगायचं तर येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. मुख्य रस्ता सोडून वर चढायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्या, फाटकाच्या वेळा पाळा, आणि उजाडायच्या आत किंवा तिन्हीसांजेला एकटे फिरू नका, बिबट्याचं घर आहे ते. तिथे हवाई दलाची हद्दही आहे, त्या दिशेला लांब लेन्स रोखून बसू नका. पारसिकच्या बाजूला यायचं असेल तर मुंब्रादेवीच्या पायऱ्यांवरून आकाश छान उघडतं, ती जागा मला आवडते. कर्नाळ्याला जाणार असाल तर सुळक्याजवळ आग्या मोहोळं आहेत हे विसरू नका, तिथे अत्तर लावून किंवा धूर करून जाणं जिवावर बेतू शकतं. कुठेही जा, दोघं असा. एक आकाश पाहील, एक लिहील. एकट्याने लिहायला मान खाली घातली की नेमका तेव्हाच पक्षी निघून जातो.

आता शून्याबद्दल. तुम्हाला असे दिवस येतील की चार तास बसून पुढे गेलेल्या पक्ष्यांच्या रकान्यात काहीच नसेल. तो दिवस न लिहिता सोडून देऊ नका. सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, वारा, ढग, धूसरपणा, मोजणारी माणसं किती, आणि शून्य, एवढं लिहाच. तीन तासांत ६ पक्षी म्हणजे तासाला २. वेळ लिहिलीच नसेल तर ६ या आकड्याची पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही. आणि फक्त भरलेले दिवस नोंदवले तर दहा वर्षांनी कागदावर सगळं आलबेल दिसेल, पक्षी संपत आले तरी.

हे मी एवढ्या कळकळीने सांगते त्याला कारण आहे. हॉक माउंटन हा डोंगर आधी शिकाऱ्यांचा होता, माणसं तिथे उभं राहून ससाणे-गरुड गोळ्यांनी पाडायची. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो भाड्याने घेतला, शिकार बंद केली आणि रखवालदार नेमला. तिथे दर शरदात मोजणी होऊ लागली. नुसते पक्षी नाही, वयही लिहिलं गेलं, कारण बॉल्ड ईगल या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या पिल्लांचं डोकं पांढरं नसतं आणि दुरूनही ते कळतं. १९३५ ते १९३९ मध्ये तिथून गेलेल्या या गरुडांत सुमारे ४० टक्के त्या वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. मोठे गरुड दिसत होते, पण पिल्लं पूर्वीइतकी दिसत नव्हती. अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना हेच आकडे मांडले. मोजणारा रखवालदार तेव्हा डीडीटी शोधत नव्हता. तो फक्त रोज डोंगरावर जात होता आणि दिसेल ते प्रामाणिकपणे लिहीत होता. आपल्या डोंगरांखाली बोगदे, रस्ते आणि टॉवर वाढताना मी १७ वर्षं पाहतेय. इथल्या आकाशात काय होतं, हे उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यायला कागद हवा.

स्कोप सध्या घेऊ नका. उडत्या पक्ष्यामागे स्कोप फिरवणं नवख्याला जमत नाही आणि तेवढ्या वेळात बाकीचं आकाश मोकळं सुटतं. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण, रुंद टोपी, आकडा मोजायला हातात धरायचं चार-पाचशे रुपयांचं क्लिकर आणि जाड पुठ्ठ्याची वही पुरे. सूर्याच्या आसपास दुर्बीण नेताना फार जपा, डोळा कायमचा जाऊ शकतो. अगदी निळंभोर आकाश असेल तर पक्षी सापडत नाहीत, अशा वेळी दूरच्या ढगाच्या कडेवर किंवा मलंगगडाच्या आडव्या रेषेवर नजर फोकस करून मग वर न्या. कोऱ्या आकाशात डोळा आपोआप जवळचं बघायला लागतो.

आणि तुमच्या दसऱ्याच्या त्या २१२ चं काय करायचं? फाडू नका. तीन तास तुम्ही खरोखर बसला होतात, ती मेहनत खरी आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना एका जागी थांबून केलेलं निरीक्षण असा प्रकार निवडा, साडेनऊ ही सुरुवातीची वेळ आणि १८० मिनिटं असं भरा. घारींपुढे एका वेळी एकत्र दिसलेला सगळ्यात मोठा आकडा आठवत असेल तर तो लिहा. आठवत नसेल तर अंदाजाने काही ठोकू नका, तिथे एक्स लिहिता येतं, म्हणजे पक्षी होता पण मोजला नाही. खाली शेऱ्यात लिहून ठेवा की त्या दिवशी दिशा पाहिली नव्हती.